शेजारचा कोठा आणि आपलें नाक

(श्रीसंत गाडगेबाबांच्या पुण्यतिथीस, ता. २० डिसेंबर रोजीं, पूर्णाकांठच्या एका गांवीं मराठी शाळेच्या पटांगणांत तेथील शिक्षकांनीं केलेलें भाषण.)



आज गाडगेबाबांची पुण्यतिथि. अशा दिवशीं मास्तर एखाद्या मोठ्या विषयावर बोलेल अशी तुमची अपेक्षा असेल. परंतु मी ज्या विषयावर बोलणार आहें तो ऐकून कित्येकांना हसूं येईल. माझा विषय ढोरांच्या कोठ्याचा वास हा आहे. आणि तोहि आपल्या ढोरांचा नव्हे, शेजाऱ्याच्या ढोरांचा. आपल्या ढोरांचा वास येतो अशी तक्रार आजपर्यंत कोणीं माझ्याकडे आणिली नाहीं.

विषय हसण्याजोगा असला तरी लहान नाहीं. खेड्यांतला शाळामास्तर म्हणजे गांवचा अर्ज लिहिणारा. गेल्या वीस वर्षांत मीं लोकांना जे अर्ज लिहून दिले, त्यांत धुऱ्याचे तंटे पहिले आणि वासाचे तंटे दुसरे. कोणाच्या म्हशीचें मूत दुसऱ्याच्या दारावरून वाहतें, कोणाचा उकिरडा शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलेला असतो, कोणाच्या बोकडाच्या दर्पानें आलेला पाहुणा ताटावरून उठतो, तर कोणाच्या खुराड्यामुळें शेजारीण खिडकी उघडीत नाहीं. अर्ज जातो, आणि त्या दिवसापासून दोन घरांचें बोलणें बंद होतें. विरजणाची देवघेव बंद, हळदीकुंकू बंद, लग्नाचें आवतन बंद. वास तेवढा चालूच राहतो.

तो कां राहतो आणि कशानें जाईल, एवढेंच मी आज सांगणार आहें.

बाबांच्या पुण्यतिथीस हा विषय मीं मुद्दाम घेतला. बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं आपल्या अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं, परिटाच्या घरीं झाला. बाप लवकर गेला, आणि मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुरें येथें मामाच्या घरीं ते वाढले. तेथें त्यांनीं गुरें राखलीं, औत हाकलें. पुढें १९०५ सालीं त्यांनीं घर सोडलें व हातांत खराटा घेतला. आणि २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळ वलगांव येथें देह ठेवीपर्यंत तो खालीं ठेवला नाहीं. म्हणजे ढोरें राखणारा आणि घाण झाडणारा हीं दोन्ही माणसें बाबांच्या ठायीं एकच होतीं. आपण मात्र ढोर पाळणारा आणि वासानें त्रासलेला हे एकमेकांचे वैरी समजतों. घाण दिसली म्हणजे ती कोणाची हें विचारीत न बसतां बाबा आधीं झाडूं लागत. २००० सालीं सरकारनें त्यांच्या नांवानें ग्रामस्वच्छता अभियान काढलें, तेव्हां आमच्या गांवच्या भिंती म्हणींनीं रंगल्या. पण भिंतीमागचा कोठा होता तसाच राहिला.

आतां माझी स्वतःची एक गोष्ट सांगतों. तींत मोठेपणा माझा नाहीं, अपराध मात्र माझा आहे.

माझ्या घराला लागून एका शेतकऱ्याचें घर आहे. त्यांचें नांव मी घेत नाहीं. मी त्यांना काका म्हणतों. तीन एकर वावर, एक बैलजोडी, चार बकऱ्या आणि एक पूर्णाथडी म्हैस, एवढा त्यांचा संसार. त्यांच्या कोठ्याची आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच. श्रावणांत झड लागली म्हणजे त्या भिंतीकडून असा दर्प येई कीं माझ्या आईला घास उतरत नसे. तिला दम्याचा विकार. दोन पावसाळे आम्हीं सोसलें. तिसऱ्या पावसाळ्यांत मीं अर्ज लिहिला. दुसऱ्यांचे अर्ज लिहून हात बसलेला, तेव्हां स्वतःचा अर्ज फारच ठाकठीक झाला. नोटीस निघाली. काका साधा माणूस. आतां पोलीस येतील, मोठा दंड होईल, असें त्यांना कोणीं तरी भरवून दिलें. त्यांनीं ऐन पावसाळ्यांत, पडेल त्या भावानें, म्हैस बाजारांत नेऊन विकली.

ती नुसती म्हैस नव्हती. काकांची नात माझ्याच हाताखालीं शिकलेली. ती अमरावतीस नर्सिंगच्या वर्गांत होती, आणि तिच्या राहण्याजेवण्याचा खर्च त्या दुधावर चाले. म्हैस गेली आणि मुलगी घरीं आली. तिचें एक वर्ष बुडालें. तिला परत आणलें त्या संध्याकाळीं काका माझ्या ओट्यापाशीं उभे राहिले आणि एवढेंच म्हणाले, "गुरुजी, अर्ज कायले देल्ला जी? आंगनातून एक हाक मारली असती, तं म्या आयकलं नसतं का?" याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आजहि नाहीं.

आणि नवल असें कीं, म्हैस गेली तरी वास गेला नाहीं! तो कां गेला नाहीं हें मी शेवटीं सांगेन. आधीं वास म्हणजे काय तें पाहूं.

ताज्या शेणाला वास असतो, पण तो नाकाला झोंबत नाहीं. आपल्या बायका त्याच शेणानें घर सारवतात. ताज्या मुतालाहि डोळ्यांत पाणी आणणारा दर्प नसतो. शेण आणि मूत एकत्र होऊन कुजत पडलें म्हणजे दर्प उत्पन्न होतो. जनावराच्या मुतांत युरिया असतो. खताच्या दुकानापुढें रांग लावून आपण जें पोतें आणतों, त्यांतला जो युरिया तोच हा. शेणांत आणि मातींत जे सूक्ष्म जंतु असतात, त्यांच्यामुळें ह्या युरियाचा अमोनिया वायु होतो आणि तो हवेंत उडून जातो. आपल्यांतील कल्हईवाल्यांना हा वायु ओळखीचा आहे. तापल्या भांड्यावर नवसागर टाकला म्हणजे जो धूर नाकांत शिरतो, त्यांत हाच वायु असतो.

दुसरा वास सडक्या अंड्यासारखा. जेथें पाणी तुंबतें, चिखल होतो आणि हवा आंत शिरत नाहीं, तेथें निराळे जंतु काम करतात आणि गंधकाचा घाणेरडा वायु सोडतात. थोडक्यांत, झोंबणारा वास मुताचा आणि कुजका वास तुंबलेल्या पाण्याचा. हा भेद ज्याला ओळखतां आला त्याला अर्धा इलाज सांपडला.

आतां हिशेब करूं. बैल दिवसाला सुमारें दहा किलो शेण टाकतो, म्हैस सुमारें पंधरा. बैलजोडी आणि एक म्हैस धरली तर दिवसाचें पस्तीस किलो आणि वर्षाचें बारा हजार किलोंहून अधिक शेण झालें. शिवाय प्रत्येक मोठें जनावर दिवसाला आठ-दहा लिटर मूत देतें. जनावराच्या अंगांतून जो नत्र बाहेर पडतो, त्याचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग मुतांत असतो. पालाशाचा तर बहुतेक भाग मुतांतच. आपण शेण उचलतों आणि मूत सोडून देतों. हें दाणे टाकून कुटार घरीं आणण्यासारखें झालें. शेजाऱ्याच्या नाकांत जो झोंबतो, तो म्हशीच्या मालकाच्या वावरांतला नत्र आहे. शेजाऱ्याचें सुख आणि मालकाचें धन एकाच भोकांतून गळत आहे. भोक एक, तर तें बुजविण्याचें कामहि दोघांचें एकच.

उन्हाळ्यांत आपण धनगराला दाणे किंवा पैसे देऊन वावरांत मेंढ्या बसवितों. त्यांनीं रात्रभर लेंड्या टाकाव्या आणि मुतावें, याचेच ते पैसे! वावरांत ज्या वस्तूला आपण दाम मोजतों, तीच भिंतीआड असली म्हणजे तिच्यावर अर्ज करतों. वस्तु वाईट नाहीं. ती भलत्या जागीं आणि भलता वेळ पडून राहिली, एवढाच दोष.

हा तंटा आपल्याच गांवचा आहे असें समजूं नका. इंग्लंड देशांत नॉर्फोक परगण्यांत विल्यम आल्ड्रेड नांवाच्या माणसाच्या घराला लागून थॉमस बेंटन यानें डुकरांचा वाडा केला. १६१० सालीं तो खटला वरिष्ठ कोर्टापुढें होता. डुकरें पाळणें पोटासाठीं जरूर आहे, तेव्हां शेजाऱ्यानें आपलें नाक इतकें नाजूक ठेवूं नये, असें बेंटनच्या बाजूनें सांगण्यांत आलें. कोर्टानें तें मानलें नाहीं. घरांत राहणाऱ्याला चांगली हवा मिळाली पाहिजे. दुर्गंधानें ती बिघडली तर त्याला दाद मागतां येते, असा निकाल झाला. चारशें वर्षें होऊन गेलीं, तरी वकील लोक हा खटला अजून सांगतात.

फ्रान्स देशांत उलट झालें. शहरांतून खेड्यांत राहावयास आलेले लोक कोंबड्याच्या आरवण्यावर आणि कोठ्याच्या वासावर फिर्यादी करूं लागले. तेव्हां २९ जानेवारी २०२१ रोजीं तेथील सरकारनें कायदाच केला कीं, खेड्यांतले आवाज आणि वास हे त्या प्रदेशाच्या वारशापैकीं आहेत. म्हणजे एका देशानें नाकाचा हक्क मानला, दुसऱ्यानें कोठ्याचा. माझ्या मतें दोन्ही खरे आहेत. दम्याची म्हातारी आणि पाळण्यांतलें मूल यांना चांगली हवा पाहिजे. आणि ज्याची भाकर ढोरावर आहे त्याला ढोर पाहिजे. आपलें शहाणपण यांतलें एक निवडण्यांत नाहीं, दोन्ही राखण्यांत आहे.

आपल्याकडे कायदा नाहीं असें नाहीं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. सार्वजनिक उपद्रव करणें, आणि लोकांच्या आरोग्याला बाधेल अशी हवा बिघडविणें, हे तींत गुन्हे आहेत. कलम २९२ आणि २८० खालीं एक हजार रुपयांपर्यंत दंड होतो. उपद्रव दूर करण्याचा हुकूम दंडाधिकाऱ्यांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ प्रमाणें देतां येतो. रतलाम शहरांतल्या रहिवाशांनीं उघड्या गटारांच्या दुर्गंधीविरुद्ध दाद मागितली, तेव्हां पैसा नाहीं ही सबब नगरपालिकेला सांगतां येणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं बजावलें. पंचायतीनें नाली बांधूं नये आणि गरिबाच्या कोठ्यावर मात्र नोटीस लावावी, हें न्यायाला धरून नाहीं, एवढें यावरून समजावें. परंतु कायदा दंड करील. तो टोपलें घेऊन कोठ्यांत कुटार पसरावयास येणार नाहीं. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये असें वाडवडील सांगत आले. गांवचे तंटे गांवांत मिटावे म्हणून १५ ऑगस्ट २००७ पासून सरकारनें तंटामुक्त गांव मोहीम काढली, तिचा हेतुहि हाच होता.

येथें एक कडू गोष्ट बोलतों, राग मानूं नका. मीं लिहिलेल्या अर्जांत एका म्हशीवाल्याविरुद्ध, चार बकऱ्या पाळणाऱ्या विधवेविरुद्ध, कुंभाराच्या गाढवांविरुद्ध अर्ज पुष्कळ. ज्याच्या वाड्यांत वीस जनावरें दावणीला आहेत, त्याच्याविरुद्ध एकहि नाहीं! वीस ढोरांना वास नसतो आणि चार बकऱ्यांना असतो, हें कोणतें शास्त्र? जात पाहून, जमीन पाहून, माणूस पाहून ज्याच्या नाकाला वास येतो, त्यानें आधीं नाकाचें औषध करावें. आणि दुसऱ्या बाजूनें, "आम्ही कुणबी, शेणांतच जन्मलों, आम्हांला वास शिकवूं नका," असें म्हणून छाती काढणें हाहि खोटा अभिमान आहे. शेणाला नाक मुरडणारा त्याच शेणावर पिकलेलें खातो, हें खरें. पण शेजाऱ्याला त्रास देण्यानें कोणाची कुणबीक वाढत नाहीं.

आतां उपाय सांगतों. यांतले बहुतेक बिनपैशाचे आहेत. लागते ती रोज अर्ध्या घटकेची मेहनत.

पहिला उपाय मुताचा. कोठ्याची जमीन खांचखळग्यांची असली तर मूत जागच्या जागीं मुरतें आणि वर शेण तुडविलें जातें. जमीन मुरूम घालून चोपून घ्या. ऐपत असेल तर फरशी बसवा. मागच्या बाजूला चार हातांस दीड इंच एवढा उतार द्या, उताराला नाली करा, आणि नालीच्या शेवटीं झाकणाचा रांजण किंवा ड्रम पुरा. त्यांतलें मूत दहापट पाणी घालून भाजीला, झाडांना द्या. एवढें करणें होत नसेल तर रोज संध्याकाळीं जनावराच्या मागच्या पायांखालीं दोन टोपलीं सोयाबीनचें कुटार, वाळला पाला किंवा कोरडी माती पसरा आणि सकाळीं ती भिजलेली गादी उचलून खतांत टाका. मूत टिपलें गेलें कीं वास अर्ध्यावर आला, आणि खताचा कस दुप्पट झाला म्हटलें तरी चालेल. मातीचा कोठा असेल तर तीन-चार महिन्यांनीं वरची मुताळ माती खणून खतांत घाला व नवी माती भरा. इंदूर येथें आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं कंपोस्टची जी पद्धत बसविली आणि १९३१ सालीं ग्रंथरूपानें जगापुढें मांडली, तींत ही मुताळ माती मोलाची मानली आहे.

दुसरा उपाय उकिरड्याचा. नुसत्या शेणाचा ढीग आंतून चिखल होतो, आणि मग सडक्या अंड्याचा वास सुटतो. शेणाचा एक थर, त्यावर कुटार-पाल्याचा जाड थर, त्यावर मातीचा पातळ थर, असें चढवीत जा. वरचा थर नेहमीं मातीचा किंवा कुटाराचा असावा. उघडें शेण दिसूं नये. ओल किती असावी? मूठभर खत घेऊन दाबा. गोळा झाला आणि पाणी गळलें नाहीं, तर ओल बरोबर. पाणी गळलें तर कुटार घाला. गोळा होत नसेल तर पाणी शिंपडा. असा ढीग आंतून तापतो, हात घालवत नाहीं. त्या उष्णतेंत माशांच्या अळ्या मरतात. उन्हाळ्यांत अंड्यापासून माशी व्हावयास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून कोठ्याच्या कोपऱ्यांत आठवडाभर शेण सांचविणें म्हणजे शेजाऱ्याच्या घरीं माशांचें बियाणें पेरणें होय.

आपल्याच वऱ्हाडांत, पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेपकाका म्हणत, त्यांनीं विटांचें जाळीदार टाकें काढलें. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. त्यांत शंभर किलो शेण, चौदाशें-पंधराशें किलो काडीकचरा आणि सुमारें साडेसतराशें किलो कोरडी माती थरांनीं भरून वरून लिंपून टाकतात. तीन-चार महिन्यांत जवळजवळ तीन टन खत तयार होतें. लिंपलेलें असल्यामुळें वास नाहीं, माशी नाहीं. ज्याच्या घरीं एकच जनावर आहे, त्यालाहि हें करतां येतें. २०२१ सालीं राज्य सरकारनें जी ग्रामसमृद्धि योजना काढली, तींत रोजगार हमीच्या कामांतून पक्के गोठे आणि नाडेपचीं टाकीं बांधून देण्याची सोय केली होती. आज कोणती योजना चालू आहे तें ग्रामपंचायतींत विचारा, लाजूं नका.

तिसरा उपाय म्हणजे एक चूक टाळणें. वास आला कीं आपण शेणावर चुना मारतों. हा उलटा उपाय आहे. नवसागर आणि चुना तळहातावर एकत्र चोळला तर काय होतें हें माझ्या शाळेंतलीं पोरें सांगतील. झोंबणारा वायु लगेच सुटतो. ओल्या, मुताळ शेणावर चुना टाकला तर तसेंच होतें. नत्र उडून जातो आणि वास वाढतो. टाकावयाचें असेल तर ढिगांत थोडें सुपर फॉस्फेट किंवा जिप्सम मिसळा. तें अमोनियाला धरून ठेवतें. खारपाणपट्ट्यांतल्या लोकांना जिप्सम नवें नाहीं. फिनाइलनें वास झांकतो, जात नाहीं.

चौथा उपाय पावसाळ्याचा. छपराची पन्हळ कोठ्यांत किंवा उकिरड्यावर पडूं देऊं नका. पावसाळ्यांत आपल्याकडे वारा पश्चिमेकडून वाहतो. म्हणून उकिरडा घरांच्या पूर्वेला असावा, आणि विहीर किंवा हातपंप यांपासून पन्नास फूट तरी दूर. शेजाऱ्याच्या भिंतीला टेकून तर मुळींच नको.

पांचवा उपाय बकऱ्या-कोंबड्यांचा. लेंडी कोरडी असेपर्यंत वास मारीत नाहीं. म्हणून बकऱ्यांना कोरडी, उंचवट्याची जागा द्या. बोकडाचा दर्प हा घाणीचा नसतो. त्याच्या शिंगांच्या मुळाशीं ग्रंथि असतात, आणि माजावर आला म्हणजे तो स्वतःच्या अंगावर मुततो. कितीहि झाडलें तरी तो दर्प पुरता जात नाहीं. म्हणून बोकड वस्तींत न बांधतां वावरांत किंवा गांवाबाहेर बांधावा. चार घरांनीं मिळून एकच बोकड ठेवला तर उत्तम. कोंबड्यांच्या खालचा तूस दर दोन दिवसांनीं खालवर करावा, आणि पाण्याचें भांडें सांडूं देऊं नये. ओला तूस हेंच त्या वासाचें मूळ.

सहावा उपाय दोन घरांनीं मिळून करण्याचा. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज सुमारें पन्नास किलो शेण लागतें. एकट्याच्या दावणीला तेवढीं जनावरें नसतात; पण दोन शेजाऱ्यांचीं मिळून होतात. ज्या भिंतीवरून भांडण चाललें, तिच्याच दोन्ही बाजूंना एका शेणावर दोन चुली पेटतील, आणि निघालेल्या रबडीला कच्च्या शेणाइतका वासहि राहणार नाहीं.

आतां माझी गोष्ट पुरी करतों. म्हैस गेली तरी वास राहिला, तेव्हां मीं मनाशीं म्हटलें, बैल आहेत, बकऱ्या आहेत. पण पुढच्या उन्हाळ्यांत कोठा रिकामा होता. बैल वावरांतल्या मांडवाखालीं, बकऱ्या अंगणांत. तरी माझ्या स्वयंपाकघरांत तोच कुजका वास. मग मीं काकांना हाक मारली. जी हाक वर्षापूर्वीं मारावयाची, ती तेव्हां मारली. ते आले. आम्हीं दोघांनीं भिंतीचा पाया उकरला. आंत काळा, बुळबुळीत चिखल. तो शेणाचा नव्हता. माझ्या न्हाणीचें आणि भांडीं घासण्याचें सांडपाणी फुटक्या मोरींतून पायाखालीं जाऊन कित्येक वर्षें तेथें मुरत होतें! मीं आठ वर्षांपूर्वीं शोषखड्डा केला होता. पण आपली काळी चिकण माती पाणी शोषीत नाहीं. खड्डा भरला आणि पाणी मागें वळलें. काकांच्या कोठ्यांतलें मूत त्यांत येऊन मिळत होतें, हें खरें. पण झोंबणारा भाग त्यांचा असला, तर कुजका भाग माझा होता. अर्ज लिहितांना मीं शेजाऱ्याच्या डोळ्यांतलें कुसळ मोजलें, आणि माझें मुसळ मोरींत पडलें होतें.

आम्हीं मोरी दुरुस्त केली आणि सांडपाणी नळीनें परसांत नेऊन केळीं आणि अळू लावला. काकांनीं कोठ्याचा उतार भिंतीकडून अंगणाकडे फिरविला, नाली केली, रांजण पुरला. फरशीचे दगड त्यांनीं आणले, मजुरी मीं दिली. उकिरडा वावरांत गेला. त्या पावसाळ्यांत माझी आई स्वयंपाकघरांत बसून जेवली. नात पुन्हां अमरावतीस गेली. तिच्या खर्चाला मास्तरांनीं हातभार लावला असें कोणी म्हणतात. तो हातभार नव्हे, माझा दंड होता. गेल्या वर्षीं काकांनीं दुसरी म्हैस आणली, आणि तिच्या पहिल्या विरजणाची वाटी काकूंनीं माझ्या घरीं पाठविली. परंतु मुलीचें गेलेलें वर्ष कोणत्याहि अर्जानें परत येणार नाहीं.

म्हणून माझें सांगणें थोडक्यांत असें. वास आला तर आधीं आपली मोरी पाहा. मग अंगणांतून हाक मारा. हाक मारतांना "तुमची घाण" असें म्हणूं नका. "आपल्या भिंतीपाशीं पाणी मुरतें, या, पाहूं" असें म्हणा. जातांना कुटाराचें एक टोपलें हातांत घेऊन जा. शेजारी ऐकत नसेल तर दोन वडीलधारी माणसें बसवा. त्यानेंहि झालें नाहीं तर कायदा आहेच. पण तो वीस ढोरांच्या वाड्यालाहि तोच लावा. आणि तुम्ही ढोर पाळणारे असाल तर शेजाऱ्याच्या हाकेची वाट पाहूं नका. कारण त्याच्या घरांत जो वास जातो, तो तुमच्या वावरांतला दाणा आहे.

पुढच्या सोमवारीं शाळा सुटल्यावर सातवीच्या मुलांसह मी नाडेपचें एक टाकें शाळेच्या मागें रचणार आहें. ज्याला पाहावयाचें असेल त्यानें यावें, येतांना एक टोपलें काडीकचरा आणावा. आणि ज्यांचें आज बोलणें बंद आहे, अशा दोन शेजाऱ्यांनीं मिळून एकच टोपलें धरून आणलें, तर बाबांची पुण्यतिथि साजरी झाली असें मी समजेन.